पाहुण्याचा हिशेब : किर्गिझस्तानातील घरगुती मुक्कामाचे अर्थकारण

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

माझा आतेभाऊ किर्गिझस्तानची राजधानी बिश्केक येथे वैद्यकीय शिक्षण घेत आहे. भारतातून हजारो विद्यार्थी या शिक्षणासाठी त्या देशात जातात, त्यांपैकीच तो एक. २०२५ च्या जुलै महिन्यात सुट्टी लागली तेव्हा त्याने फोनवरून आत्याला कळविले, "आम्ही चौघे मित्र सोंगकोल नावाचं सरोवर बघायला चाललोय. हॉटेल परवडत नाही. वाटेत एका गावात कुणाच्या तरी घरीच राहू."

आत्याने एवढेच विचारले, "कुणाच्या घरी? त्यांना ओळखतंय कोण?"

असे विचारण्यास तिला कारण होते. मे २०२४ मध्ये बिश्केक येथील एका हॉस्टेलात स्थानिक तरुण व परदेशी विद्यार्थी यांच्यात मारामारी झाली. तिची चित्रफीत सर्वत्र पसरली आणि १७ मेच्या रात्री जमावाने परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांवर हल्ले केले. विद्यार्थ्यांनी बाहेर पडू नये, अशी सूचना भारतीय दूतावासाने दिली होती. ती रात्र आत्याने फोन हातात धरून काढली. त्याच देशात आपला मुलगा अनोळखी घरी झोपणार म्हटल्यावर कोणत्याही आईच्या पोटात गोळा यावयाचाच.

परंतु आत्याचा प्रश्न केवळ आईचा नव्हता, तो धंद्यातील बाईचाही होता. गेली अकरा वर्षे ती घरी विद्यार्थ्यांसाठी खानावळ चालविते. जेवायला येणाऱ्यांत निम्मी मुले मराठी व निम्मी कन्नड बोलणारी आहेत. अनोळखी माणसाला घरात घेणे म्हणजे काय, हे तिला चांगले ठाऊक आहे. तिच्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता वाणिज्याच्या विद्यार्थ्याने अभ्यासावा असा एक विषय माझ्या हाती लागला. तोच प्रस्तुत लेखात मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

पूर्वी मुक्काम कोण देत असे?

किर्गिझस्तान हा मध्य आशियातील डोंगराळ देश आहे. ३१ ऑगस्ट १९९१ रोजी तो स्वतंत्र झाला. तत्पूर्वी तो सोव्हिएत संघराज्याचा एक घटक होता व बिश्केकचे नाव फ्रुंझे असे होते. सोव्हिएत काळात प्रवाशाच्या मुक्कामाची व्यवस्था हे सरकारचे काम होते. परदेशी प्रवाशांचा कारभार १९२९ मध्ये स्थापन झालेल्या 'इनटुरिस्ट' या सरकारी संस्थेकडे असे. कोणत्या शहरात जावयाचे व कोणत्या हॉटेलात उतरावयाचे हे आधीच ठरलेले असे. इसिक-कुल या विशाल सरोवरात नौदलाच्या पाणतीरांच्या चाचण्या होत असल्यामुळे तो भाग परदेशी लोकांना जवळजवळ बंदच होता.

देशातील कामगारांसाठी मात्र त्याच सरोवराच्या काठी आरोग्यधामे बांधलेली होती. कामगार संघटनेमार्फत 'पुत्योव्का' नावाची चिठ्ठी मिळे व ती दाखविली की राहणे, जेवण व उपचार यांची सोय होई. ज्यांना चिठ्ठी मिळत नसे, ते स्वतःच्या जबाबदारीवर निघत व सुट्टीच्या गावी कोणाच्या तरी घरी खोली किंवा खोलीचा कोपरा भाड्याने घेत. अशा प्रवाशांना रशियन भाषेत गमतीने 'दिकारी' म्हणजे 'रानटी' म्हणत. सरकारी यादीबाहेरचा प्रवासी तो रानटी! घरगुती मुक्काम त्या काळीही होता, पण त्याला प्रतिष्ठा नव्हती आणि हिशेबाच्या वहीत स्थानही नव्हते.

घर हेच भांडवल

१९९१ नंतर ही व्यवस्था कोसळली. चिठ्ठ्या देणारे कारखाने बंद पडले व आरोग्यधामे ओस पडली. खेड्यांत याहून मोठा आघात झाला. सामुदायिक व सरकारी शेते मोडीत निघाली. ज्या देशाची संपत्ती मेंढरांत मोजली जाई, तेथे सुमारे एक कोटी असलेली मेंढरांची संख्या १९९० नंतरच्या अवघ्या काही वर्षांत चाळीस लाखांच्या खाली आली. पगार थांबले, तशी घरोघर मेंढरे विकून धान्य घेण्याची पाळी आली. मे १९९३ मध्ये 'सोम' हे स्वतंत्र चलन सुरू झाले, परंतु तो सोम खेड्यातील माणसाने कमवावा कोठून, हा प्रश्न उरलाच.

अशा वेळी घरापाशी काय शिल्लक होते? चार भिंती, एखादी जादा खोली आणि गाद्या. गाद्यांचा उल्लेख मी विनोदाने करीत नाही. किर्गिझ घरात दारासमोरच्या भिंतीशी रंगीबेरंगी गाद्या व रजया यांची चळत रचून ठेवतात, तिला 'जुक' म्हणतात. जुक जितका उंच तितके घर खाऊनपिऊन सुखी. त्याच्या पुढ्यातील जागेला 'तोर' म्हणतात. ती मानाची जागा असून पाहुण्याला तेथेच बसवितात. म्हणजे दहा माणसे अचानक आली तरी त्यांना निजविण्याची सामग्री घरोघर आधीच जमविलेली होती.

वाणिज्याच्या भाषेत याचा अर्थ असा की, या धंद्याचे मुख्य भांडवल पूर्वीच गुंतविले गेले होते. त्यासाठी कर्ज काढावे लागणार नव्हते, की व्याज भरावे लागणार नव्हते. किर्गिझस्तानात डोंगरातील पर्यटनाचा हंगाम साधारणतः जून ते सप्टेंबर एवढाच असतो. चार महिन्यांच्या धंद्यासाठी हॉटेल बांधले तर उरलेले आठ महिने रिकाम्या इमारतीचे व्याज, घसारा व रखवाली अंगावर पडते. घराचे तसे नाही. पाहुणे गेले की त्या खोलीत घरचीच मुले अभ्यासाला बसतात. मुक्काम स्वस्त असतो याचे हे पहिले कारण.

आत्याच्या प्रश्नाचे उत्तर

खोली असली म्हणजे गिऱ्हाईक येते असे नाही. अनोळखी गावात उतरलेल्या प्रवाशाला कोणते घर स्वच्छ, कोठला माणूस भला व कोणता दर वाजवी हे कसे कळावे? घरवालीला तरी दारातला परका माणूस कसा आहे हे कसे कळावे?

१९७० मध्ये जॉर्ज अॅकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन हा प्रश्न मांडला. मालाचा खरा दर्जा विक्रेत्याला ठाऊक असतो, ग्राहकाला नसतो. म्हणून ग्राहक चांगल्या मालालाही सरासरी भावापेक्षा अधिक देत नाही. त्या भावात चांगल्या मालाच्या धन्याला परवडत नाही, तो बाजारातून निघून जातो आणि मागे उरतो तो वाईट माल. या विचाराबद्दल २००१ मध्ये त्याला अन्य दोघांसमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. आत्याने हा निबंध वाचलेला नाही, पण "त्यांना ओळखतंय कोण?" या तिच्या प्रश्नाचा आशय नेमका हाच आहे.

किर्गिझस्तानात या प्रश्नाला जे उत्तर मिळाले, ते सहकाराचे होते. बिश्केकहून नारिनकडे जाणाऱ्या रस्त्यावर कोच्कोर नावाचे गाव आहे. तेथे २००० मध्ये हेल्वेटास या स्वित्झर्लंडच्या विकाससंस्थेच्या साहाय्याने काही कुटुंबे एकत्र आली व गावकऱ्यांनीच चालविलेल्या पर्यटनाचा गट स्थापन झाला. पाठोपाठ नारिन, काराकोल, अक्रोडांच्या जंगलासाठी प्रसिद्ध असलेले अर्सलानबोब अशा अनेक ठिकाणी गट उभे राहिले आणि २००३ मध्ये त्यांची देशव्यापी संघटना झाली. तिच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तिला 'सीबीटी' असे सुटसुटीत नाव पडले आहे.

हिची कार्यपद्धती साधी आहे. गावात एक लहानसे कार्यालय असते व तेथे एक समन्वयक बसतो. प्रवासी मोटारस्टँडवर उतरला की सरळ त्या कार्यालयात जातो. दरपत्रक समोर असते, त्यामुळे घासाघीस नाही. कोठे जागा आहे हे पाहून समन्वयक त्याला घरी पाठवितो. घोडा, वाटाड्या, मोटार यांचीही सोय तेथेच होते. मिळालेल्या पैशांतील ठरावीक हिस्सा गटाकडे जातो व बाकीचे घरवालीचे.

दर्जा ठरविण्याची रीत तर मला फारच आवडली. हॉटेलांना तारे असतात, तसे या घरांना एडेलवाइस फुले दिली जातात. एडेलवाइस हे उंच डोंगरात उगवणारे लहानसे पांढरे फूल आहे. साध्या घराला एक, बऱ्या घराला दोन, उत्तम घराला तीन. एका फुलाच्या घरात शौचकूप अंगणापलीकडे असेल, हे पाहुण्याला आधीच कळते. त्यामुळे त्याची फसवणूक होत नाही व घरवालीलाही ओशाळावे लागत नाही. तक्रार असेल तर ती ऐकणारे कोणी तरी गावातच असते. घर अनोळखी असले, तरी घराला ओळखणारी संस्था उभी असते. आतेभाऊ व त्याचे मित्र कोच्कोरला अशाच घरी उतरले, हे कळल्यावर आत्याचा जीव भांड्यात पडला.

तीन प्रकारचे बिछाने

स्वस्त मुक्कामाचे आज त्या देशात तीन मुख्य प्रकार दिसतात. पहिला शहरातील हॉस्टेलचा. बिश्केकमध्ये जुन्या सोव्हिएत इमारतींतील मोठे फ्लॅट घेऊन त्यांत वर-खाली असे दुमजली पलंग मांडलेले असतात. भाडे पलंगाचे, खोलीचे नव्हे. स्वयंपाकघर व स्नानगृह सर्वांचे मिळून. येथे स्वस्ताई येते ती जागेच्या विभागणीतून. मालकाला मात्र शहरातील जागेचे भाडे बारा महिने द्यावे लागते. म्हणून पलंग भरलेले राहणे हा त्याच्या जगण्या-मरण्याचा प्रश्न असतो.

दुसरा प्रकार वर सांगितलेल्या खेड्यातील घराचा. तिसरा प्रकार तंबूचा, म्हणजे ज्याला जग 'युर्त' म्हणते व किर्गिझ लोक 'बोझ-उय' म्हणतात. लाकडी जाळीची गोल भिंत, वर बाक दिलेल्या काठ्या, माथ्यावर 'तुंदुक' नावाचे लाकडी चक्र आणि सर्वांवर मेंढीच्या लोकरीच्या नमद्याचे आवरण. हे तुंदुक देशाच्या राष्ट्रध्वजावरही आहे. युर्त बनविण्याच्या या परंपरागत विद्येची २०१४ मध्ये युनेस्कोने अमूर्त वारशाच्या यादीत नोंद केली.

सोंगकोल सरोवर तीन हजार मीटरहून अधिक उंचीवर आहे. उन्हाळ्यात धनगर कुटुंबे आपली जनावरे घेऊन तेथील 'जाइलो'वर, म्हणजे गवताळ माळावर, जातात. युर्त त्यांनी स्वतःसाठी न्यावयाचाच असतो. त्यासोबत एक जादा उभारला की पाहुण्याची सोय झाली. तेथे झाड नाही, म्हणून शेगडीत वाळलेले शेण जाळतात. आतेभावाने हे सांगितले तेव्हा आत्या म्हणाली, "म्हणजे आपल्या शेणीच की!" जुलै महिन्यातही रात्री चौघांनी अंगावर दोन दोन रजया घेतल्या होत्या.

हिशेब

सहलीची हकीकत ऐकून झाल्यावर आत्याने दुसरा प्रश्न विचारला व तो मला पहिल्याहून अवघड वाटला. ती म्हणाली, "एवढ्या कमी पैशात त्या बाईच्या हातात शेवटी काय उरतं, ते बघ की गं मांडून."

मी मांडले. खालील आकडे केवळ रीत समजावी म्हणून कल्पिलेले आहेत. ते कोणत्याही घराचे प्रत्यक्ष आकडे नव्हेत.

समजा, एका पाहुण्याकडून एका रात्रीचे नाश्त्यासह १०० मिळतात. त्यांतून गटाचा हिस्सा १५, चहा-पाव-लोणी-मुरंबा यांचे २०, जळण-साबण-वीज यांचे १०. उरले ५५. घरात तीन बिछाने व हंगाम ९० रात्रींचा धरला, तर एकूण २७० बिछाने-रात्री होतात. त्यांतील एक तृतीयांश भरल्या, म्हणजे ९० झाल्या, तर उरतात ४,९५०. गाद्या, रंग व दुरुस्ती यांचा वार्षिक खर्च १,५०० वजा केला की राहिले ३,४५०. धंदा फायद्यात आहे! ना नफा ना तोटा हा बिंदू तर अवघ्या २८ व्या पाहुण्याला गाठला जातो.

वही मी अभिमानाने आत्यापुढे ठेवली. तिने चष्मा लावून ती दोनदा वाचली व विचारले, "आणि पहाटे उठून कणीक कोणी मळली?"

कणीक मळणारी, चादरी धुणारी, बंब तापविणारी व पाहुणा निजेपर्यंत जागी राहणारी बाई माझ्या हिशेबात नव्हतीच. एका पाहुण्यामागे रोजचे दोन तास धरले व त्या कामाला मजूर लावल्यास तासाला १५ द्यावे लागतात असे मानले, तर दर पाहुण्यामागे ३० गेले. ५५ चे राहिले २५. वर्षअखेर ३,४५० च्या जागी ७५० आणि ना नफा ना तोटा बिंदू २८ वरून ६० वर. मुक्काम स्वस्त असण्याचे हे दुसरे कारण आहे व प्रवाशाच्या बिलावर ते कोठेही छापलेले नसते. पहिल्या कारणाने कोणाचेही नुकसान होत नाही. या दुसऱ्या कारणाने मात्र कोणाच्या तरी कमरेचा काटा ढिला होतो.

म्हणून हा धंदा वाईट, असा निष्कर्ष मी काढणार नाही. जेथे दुसरे काम नाही, तेथे हा पैसा घरातच व बाईच्याच हातात येतो. मेंढरू न विकता मुलाची फी भरता येते. परंतु दर ठरविताना श्रमाची किंमत त्यात धरली पाहिजे आणि ती धरण्याचे बळ एकट्या घरापेक्षा संघटित गटाला अधिक असते. घरे एकेकटी पडली की शेजारीण शेजारणीपेक्षा दर उतरविते व शेवटी दोघींचेही श्रम फुकट जातात. आज फोनवरून परस्पर खोल्या ठरविता येतात व तेथेही पाहुण्यांचे अभिप्राय दर्जाची हमी देतात. पण त्या कंपन्यांना द्यावयाचा हिस्सा गावाबाहेर जातो आणि दर उतरविण्याची स्पर्धा मात्र गावातच होते.

या धंद्यात धोकाही कमी नाही. २०१० मध्ये देशात राजकीय उठाव व दक्षिणेत वांशिक दंगली झाल्या, त्या वर्षी पर्यटक फिरकले नाहीत. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे सीमाच बंद झाल्या. ज्यांनी कर्ज काढून मोठी इमारत बांधली, त्यांना असे वर्ष बुडवू शकते. ज्यांनी जादा खोलीच दिली होती, त्यांचे उत्पन्न बुडते, पण घर बुडत नाही. उलट परिस्थितीही येते. २०१२ मध्ये सरकारने चव्वेचाळीस देशांच्या नागरिकांना दोन महिन्यांपर्यंत व्हिसा माफ केला व डोंगरातील घरांना नवे पाहुणे मिळण्याची वाट मोकळी झाली.

खुदाचा पाहुणा

किर्गिझ भाषेत हॉटेलला 'मेइमानकाना' म्हणतात. आपले 'मेहमान' व 'दवाखान्या'तील 'खाना' हे दोन्ही शब्द त्यात ओळखू येतात. पाहुण्याला दुसरा शब्द आहे 'कोनोक', म्हणजे रात्रीपुरता वस्तीला थांबलेला. न सांगता दारी आलेल्या वाटसरूला 'कुदायी कोनोक', खुदाने पाठविलेला पाहुणा, म्हणतात. ज्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी, ही आपली कल्पना याहून फार दूर नाही.

मग अशा पाहुण्याकडून पैसे घ्यावेत काय? आमच्या घरी आत्याची खानावळ सुरू झाली तेव्हा हाच प्रश्न चर्चेला आला होता. जेवू घालून पैसे मोजून घेणे काही नातेवाइकांना कमीपणाचे वाटले होते. त्या वेळी मी लहान होते, पण मलाही शाळेत ते सांगावयास लाज वाटे. आतेभावाने सांगितलेली एक गोष्ट येथे नमूद करते. कोच्कोरच्या घरी चहा लहान वाडग्यात व अर्धाच ओतीत. याला प्रथम काटकसर वाटली. मागाहून कळले की, वाडगा काठोकाठ भरणे म्हणजे 'पिऊन टाका व निघा' असे सुचविणे. थोडा ओतावयाचा, म्हणजे पुन्हा पुन्हा ओतता येतो व पाहुणा बसून राहतो. पैसे घेणाऱ्या घरानेही ही रीत सोडलेली नाही. निघताना त्या बाईने चौघांच्या पिशवीत तळलेले बोरसोक बांधून दिले. दरपत्रकात ते नव्हते.

यावरून मला असे वाटते की, पैसे घेतल्याने आतिथ्य संपत नाही. संपते ते हिशेब खोटा ठेवल्याने, मग तो पाहुण्याला फसवून ठेवलेला असो, की घरच्या बाईचे श्रम न धरता ठेवलेला असो.

समारोप

किर्गिझस्तानातील अनुभवावरून तीन गोष्टी लक्षात येतात. आधीच असलेल्या साधनांचा उपयोग केल्यास थोड्या भांडवलात धंदा उभा राहतो. अनोळखी माणसांतील विश्वास आपोआप उत्पन्न होत नाही, त्यासाठी गावाची स्वतःची संस्था व दर्जाची स्पष्ट खूण लागते. आणि स्वस्त वस्तूची उरलेली किंमत कोण भरतो, हे पाहिल्यावाचून कोणताही हिशेब पुरा होत नाही.

लेख येथेच संपावयाचा, पण आत्याने माझे काम वाढवून ठेवले आहे. किर्गिझ बाईचा हिशेब पुरा झाल्यावर तिने कपाटातून खानावळीच्या अकरा वह्या काढल्या व माझ्यापुढे ठेवल्या. "आता हे मांड," ती म्हणाली, "कणकेसकट."

सध्या मी चौथ्या वहीवर आहे.